ओजसची निर्दोष ॲक्शन

"आणि मॅगझिन?"

"काढलं, उस्ताद."

"कशापायी?"

"गोळ्यांची ती पेटी बसवायला खालून भोक पाडावं लागतं. भोक पडलं की लोखंड लवतं. माझा तळ भरीव आहे."

मिरजेच्या दस्तगीर शिकलगार उस्तादांनी हातातला ऐवज उलटा करून बघितला. रायफलीची ॲक्शन होती ती. म्हणजे नळीच्या मागचं ते पोलादी घर, जिथून काडतूस आत जातं आणि त्याच्यामागं बोल्टचा दट्ट्या बंद होतो. पुण्याच्या ओजस केतकरनं ती स्वतः आखली होती. तीन वर्षं घालवून, एक नोकरी सोडून आणि एक ठरलेलं लग्न पुढं ढकलून.

"भोक असलं तर कितीसं लवतं?"

"केसाच्या दहाव्या भागाइतकं."

उस्तादांनी आपल्या चकचकीत टकलावरून हात फिरवला.

"कुणाच्या?"

ओजस हसला नाही. तो खरंच केस मोजून आला होता.

"रिकामं काडतूस भाईर फेकायची स्प्रिंग दिसंना."

"तीही काढली. एकच गोळी, हातानं घालायची. रिकामं काडतूस हातानं उचलायचं. जेवढे सुटे भाग कमी, तेवढी गडबड कमी. उस्ताद, या ॲक्शनमध्ये मी चुकीला जागाच ठेवली नाही."

"अरारा... मग ती बिचारी ऱ्हाईल कुठं?"

असल्या प्रश्नांत ओजसला रस नव्हता. त्याचा डोळा भिंतीवरच्या नळीवर होता. उस्तादांनी आतून हातानं घासून गुळगुळीत केलेली शेवटची नळी. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी दुसरी केली नव्हती, करणारही नव्हते. असली नळी लागली तर ही ॲक्शन देशभर गाजणार. नाही लागली तर तीन वर्षं पाण्यात, आणि वर लग्नाचंही बघावं लागणार.

"ती नळी मला द्या, उस्ताद. तिला शोभेल अशी दुसरी ॲक्शन नाही."

"देतो की. उद्या मारून दाखव."

सकाळी चांदमारीच्या माळावर ओजस सहा नंबरच्या पट्टीवर पालथा पडला. ॲक्शनला उस्तादांनी एक कामचलाऊ नळी बसवून दिली होती. हजार यार्डांवर टार्गेटं ओळीनं उभी होती आणि प्रत्येकाखाली भलामोठा आकडा.

शेजारी सात नंबरवर हौसाक्का मगदूम. शाळेत कबड्डी शिकवून रिटायर झालेल्या. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत पालथं झोपायला सांगितलं, म्हणून नेमबाजीत आलेल्या.

"नवा दिसतोस," आक्का म्हणाल्या. "च्या पिणार?"

"मारताना मी काही घेत नाही."

"बरं बाबा."

ओजसनं रेतीची पिशवी नीट केली. ती नीट करताना रायफल सुतभर उजवीकडं सरकली. हजार यार्डांवर सुतभराचे किती हात होतात, याचं गणित त्याला तोंडपाठ होतं. पण दुर्बीण त्यानं इतकी ताकदीची लावली होती, की तिच्यात टार्गेट तेवढं मावायचं. खालचा आकडा मावत नव्हता.

पहिली गोळी. टार्गेटाखालच्या खंदकातल्या माणसानं टार्गेट खाली ओढलं, खूण लावून वर केलं. बरोबर मध्यावर खूण.

दुसरी. मध्यावर.

तिसरी... पुन्हा तिथंच.

हौसाक्कांनी स्वतःच्या टार्गेटकडं बघितलं. मग ओजसकडं बघितलं. मग मागं बसलेल्या उस्तादांकडं.

उस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं.

आक्कांनी भरायला घेतलेली गोळी परत डब्यात ठेवली आणि पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या.

दहाव्या गोळीनंतर ओजस उठून बसला. आयुष्यात त्याचा नेम असा कधी बसला नव्हता. डोळ्यांत पाणी तरळलं. ते वाऱ्यामुळं, असं त्यानं ठरवून टाकलं.

उस्तादांनी खंदकात फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सांगा."

"सात नंबर, हौसाक्का. शंभरपैकी शंभर!" खंदकातला माणूस ओरडत होता. "उस्ताद, पेढे पायजेत! असलं टार्गेट मी जन्मात बघितलं न्हाई!"

"आन सहा नंबर?"

"त्याला भोकच न्हाई. माणूस आलाय का तिथं?"

उस्तादांनी ओजसकडं नीट निरखून बघितलं.

"आल्यासारखा वाटतोय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ओजसनं दुर्बिणीतून बघितलं. मग दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. सहा नंबरचं टार्गेट नव्या शर्टासारखं कोरं करकरीत उभं होतं.

आक्का शेंगा फोडत होत्या.

"पण उस्ताद... दहाच्या दहा मध्यावर आहेत!"

"हायेत की."

"म्हणजे ॲक्शन निर्दोष आहे!"

"एकदम. असली ॲक्शन मी चाळीस वर्षांत बघितली न्हाई."

"मग नळी?"

उस्ताद उठले. जीपमधून ती नळी घेऊन आले, फडक्यात गुंडाळलेली. ओजसनं दोन्ही हात पुढं केले.

उस्ताद त्याच्या हातांवरून वाकून पलीकडं गेले आणि नळी हौसाक्कांच्या मांडीवर ठेवली.

"अवो, मला कशाला?" आक्का दचकल्या. टरफलं सांडली.

"नियम हाय. टार्गेट ज्याचं, निशाण त्याचं. बसवू मात्र ह्याच्या ॲक्शनीवर. तिच्यासारखी दुसरी न्हाई."

ओजसचे हात तसेच पुढं होते. खाली घ्यायचे की राहू द्यायचे, ते त्याला कळेना.

"पर उस्ताद," आक्कांनी आवाज खाली आणला, "मी एकबी गोळी मारली न्हाई वो."

"मारूबी नका. हा हाय की."