राणीच्या माहेरचे कंद

खूप मागे, इतकं मागे की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येणार नाही, डोंगराच्या पायथ्याशी सुरण पिकवणाऱ्यांचं एक गाव होतं. कच्च्या सुरणानं ज्याचे हात खाजतात तो पाहुणा, अशी त्या गावातली थट्टा होती.

तिथे एक म्हातारा राहत असे. सुरणाचा कंद तळहातावर घेऊन तो किती वाढेल हे तो सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं ठरायचं. लावणीच्या आधी सगळं गाव त्याच्या ओट्यावर येऊन बसे. इतकी वर्षं लोक विचारत आले आणि तो सांगत आला. त्यामुळे आपणही कधी कुणाला काही विचारावं, ही सवयच त्याला राहिली नव्हती.

त्या राज्याच्या राजानं दूरच्या थंड डोंगरांतली मुलगी राणी करून आणली. निघताना तिच्या आईनं पेटाऱ्यात ओल्या शेवाळात गुंडाळून थोडे कंद ठेवले. ते तीन जातींचे होते. एक जात पावसाळा सरताना फुले, तीही पानं यायच्या आधी. दुसरी कडाक्याच्या थंडीत फुले. तिसरी थंडी ओसरल्यावर, आणि तिला वास असे. फुलं तिन्हींची एकाच घडणीची, पाकळ्या मागे वळलेल्या, जणू सशानं कान टवकारलेत. पानांवरची चंदेरी नक्षी मात्र प्रत्येकीची वेगळी. हल्ली रोपवाटिकेत या झाडाला सायक्लमेन म्हणतात. तेव्हा त्या राज्यात त्याला नावच नव्हतं, कारण तिथे ते कुणी पाहिलंच नव्हतं.

राणी सासरी पोचली आणि तिच्या मागे कडा कोसळून घाट बंद झाला. आता तिकडून माणूस येणार नव्हतं की निरोप येणार नव्हता. माहेरचं म्हणून तिच्याजवळ ते कंद तेवढे उरले.

राजवाड्याचा माळी म्हणाला, "कंद आहे ना, मग सुरणाच्या गावी पाठवा." राणीनं ते पाठवले नाहीत. ती स्वतः घेऊन आली.

ओट्यावर लोक बसलेलेच होते. राणीनं टोपली खाली ठेवली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाबा, हे तिघं वेगळे आहेत. आईनं सांगितलंय, यांना लावताना..."

म्हातारा हसला. "राणीसाहेब, रागावू नका. पण कंद कसा लावायचा हे या ओट्यावर आजवर मला कुणी सांगितलेलं नाही."

"बाबांना कंद शिकवणार!" एक जण म्हणाला. "अहो, बाबांच्या स्वप्नातसुद्धा सुरण येतो."

"स्वप्नात येतो त्याचं काही नाही," दारातून त्याची म्हातारी म्हणाली. "रोज ताटात येतो, त्याचं बघा."

सगळे हसले. राणीही हसली. ती नवी होती, भाषा अजून जिभेवर बसली नव्हती, आणि तोडलेलं वाक्य पुन्हा जोडायचं तिला सुचलं नाही. उठताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, एवढेच आहेत."

"काळजी सोडा," म्हातारा म्हणाला.

त्यानं जीव लावून काम केलं. सुरणाला करतात तसे कोपरभर खोल खड्डे खणले, भरपूर शेणखत घातलं. पहिल्या जातीचे कंद हातात घेतले तेव्हा त्यांची सुकलेली मुळं वरच्या अंगाला दिसली. कुणीतरी उलटे बांधलेत, असं समजून त्यानं ते फिरवून लावले.

"अहो, त्या खालच्या अंगाला कोंब दिसतोय," म्हातारी वाकून म्हणाली.

"ते मुळाचं टोक आहे. तू भाताकडे बघ."

पावसाळा सरला. पहिला वाफा तसाच काळा राहिला. राजवाड्यातून दासी विचारायला आली. "येईल, येईल," म्हातारा म्हणाला. ती गेल्यावर त्यानं माती उकरली. कंद बोटाखाली लगद्यासारखा दबला. त्यानं माती पुन्हा ओढून घेतली आणि घरात येऊन म्हणाला, "वाटेतच खराब झाले असणार."

बाकीच्या दोन जाती त्यानं पाऊस सरल्यावर लावल्या होत्या. थंडीत दुसऱ्या जातीनं तग धरला. गोल पानं वर आली, मोजकी फुलं आली. राणी आली आणि वाफ्याशी उकिडवी बसून खूप वेळ बघत राहिली. म्हाताऱ्याला बरं वाटलं. पहिल्या वाफ्याचा विषय तिनं काढला नाही, त्यानंही नाही.

पुढे उन्हं तापू लागली आणि ती पानं पिवळी पडून लोळली. सुरणाचं पान लोळलं की कंद तयार झाला, हे त्या गावात पोरांनाही ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं ते कंद काढले, झटकले आणि माळ्यावर कोरड्या हवेत पसरून ठेवले.

तोवर तिसरी जात फुलून गेली होती. फुलं थोडीच, पण ओट्यापर्यंत वास येत होता. मग तिचीही पानं पिवळी पडायला लागली. एका सकाळी म्हातारा कुदळ घेऊन वाफ्यात उतरला. तेवढ्यात म्हातारी माळ्यावरून खाली आली आणि तिनं ओंजळ त्याच्यापुढे धरली.

"हे बघा."

दुसऱ्या जातीचे कंद सुकून सुपारीएवढे झाले होते. म्हाताऱ्यानं एक दाबला. तो मोडला आणि आतून भुसा निघाला. दुसरा मोडला. तोही तसाच.

तो कुदळ धरून तिथेच उभा राहिला. तिसरे कंद काढावेत तर हे असे वाळतील. मातीत ठेवावेत तर पावसाळ्यात पहिल्यांसारखे कुजतील. सुरणाबद्दल त्याला सगळं माहीत होतं. हा सुरण नव्हता, हे मात्र त्याच्या इतक्या उशिरा ध्यानात आलं.

"विचारून या," म्हातारी म्हणाली.

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तोंड घरी ठेवा हवं तर. कान घेऊन जा."

तो गेला. राणी सज्ज्यात बसली होती. म्हाताऱ्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

"राणीसाहेब, पहिली जात मी कुजवली. दुसरी वाळवून मारली. तिसरीची पानं आता पिवळी पडताहेत आणि मला पुढचं कळत नाही. त्या दिवशी तुमच्या आईचं काय सांगणं होतं?"

राणीनं डोंगराकडे पाहिलं. मग बोलली. आता ती भाषा नीट बोलत होती.

"आई म्हणाली होती, पहिलीची मुळं डोक्यावर असतात. उलटी वाटली तरी उलटू नका. दुसरीला मातीबाहेर काढू नका. तिसरीचा माथा मातीच्या वर राहू द्या. पानं गेली म्हणजे ती मेली नाही, झोपली. तेव्हा पाणी घालू नका. उतारावरच्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी लावा, पावसाचं पाणी झाडच पिऊन टाकतं. आणि खोल तर कुणालाच पुरू नका."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा. फार वेळ लागला नसता."

म्हाताऱ्याला राणी रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी ती राजवाड्याच्या बागेत आली. त्यानं तिसरे कंद मातीच्या ढेपेसकट आणले, आणि तिनं ते स्वतःच्या हातानं आंब्याच्या बुंध्याशी ठेवले. ती सांगत होती तसं तो फक्त माती ओढत होता.

ते कंद जगले. पुढच्या वर्षी थंडी ओसरली तशी त्यांना फुलं आली, आणि नंतर दरवर्षी येत राहिली. बागेत बाकीच्या दोन जातींसाठी राखलेले दोन वाफे मात्र मोकळेच राहिले. राजा म्हणाला, तिथे झेंडू लावू. राणी नको म्हणाली. पावसाळा सरताना ती एका मोकळ्या वाफ्यापाशी जाऊन उभी राही आणि कडाक्याच्या थंडीत दुसऱ्या. घाट तिच्या हयातीत उघडला नाही.

म्हाताऱ्याच्या ओट्यावर लोक येतच राहिले. सुरणाचं तो पूर्वीसारखंच ठामपणे सांगे. पण कुणी परक्या मुलखातलं रोप किंवा बी घेऊन आलं, तर तो आधी म्हणे, "तुम्ही सांगा." मग समोरचा थांबेपर्यंत तो ऐके. काही जण तासभर भलतंच सांगत. तेही तो ऐकून घेई.

आपल्याला ठाऊक आहे या भरात आपण दुसऱ्याचं बोलणं तोडतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा त्या दुसऱ्यालाच मोजावी लागते.