सतारीच्या लाकडाची मान

वाद्यं विजेवर बोलू लागली, त्या काळातली ही गोष्ट. मिरजेत प्रणिता नावाची मुलगी दणदणीत रॉक वाजवायची. तिच्या गिटारची मान मोडली, तेव्हा तिने सतारी घडवणाऱ्या लतीफचाचांकडून सतारीच्याच लाकडाची नवी बसवून घेतली.

प्रणिताच्या पायाशी फळीवर मांडलेली, गिटारचा आवाज बदलणारी पेडलं गिटारला खदखदून हसली. "काय गं, आता भजनाला बसणार वाटतं?"

आवाज फाडून मोठा करणारं लाल पेडल म्हणालं, "आम्ही आहोत म्हणून तू गरजतेस. नाहीतर तुला ऐकणार कोण?"

गिटारलाही ते खरंच वाटलं.

काही दिवसांनी एका स्पर्धेत, ऐन गाण्यात, फक्त पेडलांच्या फळीची वीज गेली आणि पेडलं मुकी झाली. लोक ओरडले, "उतरा खाली!" प्रणिताने पेडलांतली वायर उपटून गिटार थेट स्पीकरच्या पेटीला, म्हणजे अ‍ॅम्पला जोडली, अ‍ॅम्पचा आवाज पूर्ण वाढवला आणि तारा छेडल्या.

सतारीच्या लाकडातून भरदार, लांबलचक सूर उठला. मांडवाचे खांब थरथरले.

लाल पेडल हळूच म्हणालं, "अगं, हा आवाज रोज आमच्यातूनच जायचा. आमच्या ओरडण्यात आम्ही तो कधी ऐकलाच नाही."

"मग आता ऐका की," गिटार म्हणाली, आणि पुढच्या सुराला सगळा मांडव उठून उभा राहिला.