एका बोटाचं काम

फोन सर्वसाक्षी कंपनीचा, निरोप सर्वसाक्षीवर, नकाशाही सर्वसाक्षीचाच. नवरा-बायको तेवढे ज्याचे त्याचे. सांगलीच्या वैजयंती खटावकरांनी दोन वर्षं राबून स्वतःचं नकाशाचं ॲप काढलं. लोकांना ते आवडलं, पण सर्वसाक्षी सोडून कुणाला येताच येईना. ॲप बंद पडायची वेळ आली, तशा बाई तडक स्पर्धा आयोगात गेल्या.

सुनावणीला कंपनीचे सर्वेसर्वा निरंजन दिघे आठ वकील घेऊन आले.

"कसली मक्तेदारी?" दिघे हसत म्हणाले. "आम्ही कुणाला बांधून ठेवलंय का? आम्हाला सोडून जाणं हे एका बोटाचं काम आहे!"

"मग तुमच्याच फोनवर करून दाखवा की," वैजयंतीबाई म्हणाल्या.

दिघ्यांनी ऐटीत बटण दाबलं. फोनने विचारलं, 'खरंच जायचंय?' त्यांनी हो म्हटलं. 'फोटो इथेच राहतील, चालेल?' पुन्हा हो. 'मित्र दुरावतील, चालेल?' अकराव्या प्रश्नाला साहेबांना घाम फुटला. बाराव्यानंतर पडद्यावर फुलं उधळली गेली: 'परत आल्याबद्दल आभार!'

आयोगाच्या अध्यक्षांनी हसू लपवायला फाइल तोंडासमोर धरली.

"हा... आग्रह आहे," दिघे सावरत म्हणाले. "आपल्या मराठी घरांत पाहुण्याला करतात तसा."

"साहेब, आमच्याकडे पाहुणा निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे खरं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पण म्हणून आम्ही त्याच्या चपला लपवून ठेवत नाही."

अध्यक्ष लघुलेखकाकडे वळले. "हे चपलांसकट लिहून घ्या."