ठकूबाईचा कच्चा नैवेद्य

फार फार वर्षांपूर्वी, उंबरपठारावर बैलगाडीची वाटही नव्हती, तेव्हा तिथं ठकूबाई नावाची बाई होऊन गेली. बाई कसली, बी धरायचं वेडच ते! दोडका म्हणू नका, भोपळा म्हणू नका, हाताला लागलेलं पिकलं फळ सुटायचं नाही. फळ कुस्करायचं, बी धुवायचं, सावलीत सुकवायचं आणि राखेत मिसळून वाळक्या, पोकळ दुधीच्या तुंब्यात भरायचं.

पठारावर बटाटा पिकायचा. त्याची फुलं गळली की झाडाला बोराएवढी हिरवी फळं लागायची. खाल्ली तर पोटात कळा येत, म्हणून बायका ती खुडून लांब फेकत. आणि ठकूबाई? ती वेचून घरी आणायची! मग गाव हसणार नाही तर काय करणार?

"ठके, बटाट्याला बटाटाच लावावा लागतो गं," भैरोबाचा हैबती गुरव म्हणायचा. "उद्या धोंड्याचंबी बी धरशील!"

"ज्याला फळ हाय त्याला बी हाय, गुरवकाका. धोंड्याला फळ आलं तर त्येबी धरीन!"

आणि मग ते वर्ष आलं. पुढच्या लावणीचे बटाटे लोक आरणीत ठेवत. आरण म्हणजे झाडाखाली रचून पाल्यानं झाकलेला ढीग. त्या वर्षी ढिगांना असा वास सुटला की कावळेसुद्धा जवळ येईनात. पाला दूर करून बघतात तर काय, सगळा चिखल! साऱ्या पठारावर औषधालाही बेणं उरलं नाही. नुसत्या बाजरीवर अर्धं वर्षही निघत नव्हतं. गाव सोडून घाटाखाली जायचं ठरलं. बोचकी बांधली गेली, आणि सगळ्यांत आधी बांधलं ते हैबती गुरवानं.

ठकूबाई तुंबा घेऊन पारावर चढली. "दोन हंगाम थांबा. न्हाई पिकलं तर मीबी तुमच्यासंगं येते."

परसात, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर तिनं वाफा केला. बी खसखशीएवढं, तेही राखेत मिसळलेलं. पेरलं तरी दिसेना! गावानं आपणहून कोंबड्या पाट्यांखाली कोंडल्या. असं म्हणतात, दहा दिवस डोंगरावरचं धुकं खाली उतरून फक्त त्या वाफ्यावर बसून राहिलं. आणि दहाव्या दिवशी वाफा हिरवागार! लोक पळत सुटले बघायला. रोपं बोटभर झाली तशी ठकूबाईनं ती घरोघर वाटली. ज्याच्या त्याच्या परसात बटाट्याची रोपं डोलायला लागली.

काढणीच्या दिवशी काय तो गलका! माती उकरली की हाताला लागायचे सुपारीएवढे बटाटे. एका झाडाखाली पांढरे, दुसऱ्याखाली लाल, तिसऱ्याखाली चक्क जांभळे! म्हाताऱ्या माणसांनी आनंदानं उड्या मारल्या, असं म्हणतात.

पण गावाची रीत अशी की पहिल्या पिकाची पहिली पाटी देवाची. ती देवळापुढं शिजवायची आणि प्रसाद म्हणून वाटून खायची. आणि पीक तर सगळं मिळून एकच पाटी!

हैबतीनं तीन दगडांवर पाण्याचा हंडा चढवला; उकळी आली की पाटी त्यात ओतायची. ठकूबाई आडवी आली.

"देवाचं देवाला द्या, पर कच्चं द्या. शिजवलं तर आज खाल, लावलं तर जल्मभर खाल."

"देवाला कच्चं? तुझ्या बापानं तरी दावलं हुतं का?"

जाळ लागला. एक मोळी जळाली, दुसरी जळाली, तिसरीची राख झाली. हंड्याला वाफ येईना. हैबती चिडला, बाही सारून त्यानं हंड्यात हात घातला आणि तसाच उभा राहिला. पाणी झऱ्यासारखं गार होतं! त्यानं एकदा ठकूबाईकडं पाहिलं, एकदा भैरोबाकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातानं पाटी उचलून त्यानं ती कच्चीच देवापुढं ठेवली.

"देवाला आज भूक न्हाई," तो रडत रडत म्हणाला. "लावा रं, लावा!"

पुढच्या हंगामात तेच सुपारीएवढे बटाटे मातीत गेले आणि मुठीएवढे होऊन वर आले. घराघरातली बोचकी सुटली. हैबतीचं बोचकं ठकूबाईनं स्वतः सोडलं, आणि चिडवल्याशिवाय सोडलं नाही, असं म्हणतात.

ठकूबाई कधी गेली ते आता कुणाला सांगता येत नाही. पण उंबरपठारावर अजून बटाट्याचं फळ कुणी फेकत नाही. घरटी एक तुंबा असतो, आणि परसात एक ओळ बियांपासून केलेल्या रोपांची. काढणीच्या दिवशी देवळापुढं तीन दगडांवर हंडा ठेवतात आणि खाली जाळ लावत नाहीत. हैबतीच्या घरातला जो कुणी गुरव असेल, तो बाही सारून हंड्यात हात घालतो. सगळं गाव श्वास रोखून उभं असतं.

"गार हाय!" तो ओरडतो.

आणि लहानथोर, बायाबापड्या, झाडून सारं पठार एका आवाजात उत्तर देतं, "लावा!"