रेझिनचा रुसवा

होड्या लाकूड सोडून फायबरच्या होऊ लागल्या, त्या काळची ही गोष्ट. पोशा नाखवाच्या होडीत फायबर, म्हणजे काचेचे धागे होते आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं रेझिन. भर समुद्रात वादळ उठलं, तळ करकरला आणि रेझिनला नेमका तेव्हाच आपला मान आठवला.

"सगळे फायबरची होडी म्हणतात. माझं नाव कोण घेतं? आता सुटणारच मी!"

पोशा जिवाच्या आकांताने पाणी उपसत होता. रेझिन सुटलं तर आपण नुसता गुंता उरू, हे धाग्यांना ठाऊक होतं.

"अरे बाबा, धर की!"

"आधी नाव!"

दुसरी लाट आदळली.

"मग सूट," एक धागा वैतागला. "होडी का बुडाली, याची चौकशी होईल. त्या कागदावर पहिलं नाव तुझंच येईल."

रेझिनने पकड अशी आवळली, की धाग्यांना कळ लागली.

किनाऱ्याला लागल्यावर पोशाने हात जोडले, ते दर्याला.