वाघाची टोपली

दोन डोंगर ओलांडले की एक जंगल लागतं. तिथे सिंह राज्य करायचा. तो रीतसर निवडून आला होता. समोर कोणी उभंच राहिलं नव्हतं.

जंगलाचं कोठार सगुणाबाई मुंगूस सांभाळायच्या. यंदा नदी आटली, मासे मिळेनात. शेजारची पाणमांजरीण पिल्लांसाठी मूठभर सुकट मागायला आली, तर तिला रिकाम्या हातानं परत पाठवावं लागलं. सगुणाबाईंना ते फार लागलं. त्याच दुपारी माकड हमाल सुक्या मासळीची भरलेली टोपली घेऊन निघाला. दर पौर्णिमेला ती त्यांच्या डोळ्यांदेखत जायची, पण सवयीच्या गोष्टीकडे कोण बघतं?

"ही कुणाची रे?"

"वाघाची. त्यानं जंगलात येऊ नये म्हणून देतो. त्याच्या गुहेच्या डोंगरापायथ्याशी ठेवायची आणि मागं न बघता निघायचं."

"वाघ पाहिलाय कुणी?"

"पाहायला लागू नये म्हणूनच देतो ना, बाई."

सगुणाबाई तो डोंगर चढल्या. गुहेत वाघाचा सांगाडा पडला होता. बरगड्यांत कोळ्याचं जाळं होतं, तेही जुनं.

खाली येऊन त्यांनी गाजावाजा केला नाही. टोपली बंद केली आणि मासळी पाणमांजरिणीकडे पोचवली. तीन पौर्णिमा गेल्या. उपाशी होता वाघ, पण वाळत चालले प्रधान कोल्होबा.

चौथ्या पौर्णिमेला सभा भरली.

"वाघाचा घास कुणी तोडला?" प्रधानांनी विचारलं.

"मी," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाघाची कवटी समोर ठेवली.

प्रधान उठून उभे राहिले. "बंधूंनो आणि भगिनींनो, वाघ मेला, मान्य. पण इतकी वर्षं तो आपल्यावर चालून आला का? नाही. कुणामुळे? टोपलीमुळे. आणि आज काही जण विचारतात, टोपलीचा उपयोग काय."

सशांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

"मग टोपली खात कोण होतं?" पाणमांजरिणीनं विचारलं. हा संरक्षणाचा विषय आहे, असं तिला सांगण्यात आलं.

शेवटी महाराज उठले. "जनतेची मासळी वाया जाता कामा नये. वाघाची टोपली आजपासून कायमची बंद."

जयजयकार झाला. सगुणाबाईंना शाल मिळाली आणि आटलेल्या नदीवर बदली मिळाली. पुढच्या पौर्णिमेला घरोघरी 'वाघमुक्ती निधी'ची पावती आली: दोन मासे, ऐच्छिक.

ऐच्छिक म्हटल्यावर सगुणाबाईंनी दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी वडाच्या खोडावर वाघाच्या हस्तकांची यादी लागली. तिच्यात त्यांचं एकटीचंच नाव होतं. पाणमांजरीण आली, तिनं यादी वाचली आणि खाली आपलं नाव लिहून निघून गेली.

प्रधानांनी तातडीनं सभा बोलावली. एका रात्रीत वाघ दुप्पट झाले आहेत, ते म्हणाले, तेव्हा निधीही दुप्पट करावा लागेल.