बादलीतल्या गाळाचा चंद्र

गळ्याशपथ सांगतो, बाळांनो, या गोष्टीत खोटं एक अक्षर नाही. सगळं मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, पाहिलं नाही खरं तर. त्या वेळी मी गावात नव्हतो. आणि ते गाव नेमकं कुठल्या रस्त्याला लागतं, हेही मला धड सांगता यायचं नाही. पण गोष्ट खरी. इतकी खरी, की सांगताना मलाच अधूनमधून शंका येते.

तर त्या गावात टेकडीच्या पायथ्याशी एक इवलंसं कौलारू घर होतं. घरात केतकी आणि तिची आई मालन, दोघीच. मागे चिमुकली बाग: जास्वंदी, अबोली, एक बकुळ. आणि पडवीत आईची भट्टी. धुराची, कोळशाची नाही हं! विजेवरची, पेटीसारखी, वरून झाकण असलेली. आई रंगीत काचेचे तुकडे कापून एकमेकांवर रचायची आणि आत ठेवायची. भट्टी तापली की ते लोण्यासारखे मऊ व्हायचे, एकमेकांना बिलगायचे. मग त्यातून निघायच्या मोरपंखी ताटल्या, डाळिंबी लोलक, पोपटी पानं. खिडकीत टांगली की साऱ्या घरभर रंगांची पिल्लं नाचायची.

पण आता खिडकी रिकामी होती. काचा संपल्या होत्या, नव्या घ्यायची ऐपत नव्हती. घरात रोज तीच पेज, आणि तीही दिवसेंदिवस पातळ होत चाललेली.

मातीची खेळणी बनवणाऱ्या बोंद्रेकाकांना भट्टी हवी होती, आणि अडचणीपायी आईने ती त्यांना विकायचं कबूलही केलं होतं. त्याच सुमारास नव्या वाचनालयाच्या इनामदारबाई येऊन म्हणाल्या, "मालन, आमच्या दारावर गोल झरोका ठेवलाय. त्यात तुझ्या हातची काच बसव. ती जमली तर सगळ्या खिडक्यांचं काम तुझंच, आणि काचाही मी मागवून देते."

पण पहिल्या गोलाला तरी काच कुठून आणायची?

"हे बघा मालनताई," बोंद्रेकाका मिशी कुरवाळत म्हणाले, "बाजारच्या दिवशी दुपारी मी टेम्पो घेऊन येतो. गोल झालेला दाखवलात तर भट्टी तुमची. नाहीतर उचलून नेतो. बोला, कबूल?"

आईने मान हलवली. दुसरं करणार काय?

दाराआड केतकी उभी होती. भट्टी गेली की आई शहरात कामाला जाणार आणि आपण लांबच्या मावशीकडे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या पोटात एक गार गार गोळा आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "केतू, यंत्राखालची बादली ओतून ये ग जास्वंदीमागे."

काचेच्या कडा घासायचं आईचं एक छोटं यंत्र होतं. घासताना वर पाणी पडायचं आणि काचेची पीठ पीठ भुकटी पाण्यासोबत खालच्या बादलीत उतरायची. तळाशी पांढरट गाळ साचायचा. तो फेकायचा, ही घरची रीतच होती.

केतकीने बादली उचलली. ओतण्याआधी ती नेहमी खाली वाकून म्हणायची, "मुंग्याताई, सरका बरं." आज ती वाकली आणि तिला ऐकू आलं: "आक् छी!"

जुन्या पांढऱ्या चिखलात एक इवलीशी परी रुतली होती. अबोलीच्या फुलाएवढी! एका पंखावर सकाळचा केशरी रंग, दुसऱ्यावर संध्याकाळचा जांभळा, आणि दोन्हींवर चिखलाचे ठिपके.

"नेहमी इथेच ओततेस! माझ्या अंगणाची पार दलदल केलीस ग पोरी."

"चुकलं हो परीताई!" केतकी धावत वाटीभर पाणी घेऊन आली. बोटाच्या टोकाने, फुंकरही न घालता, तिने तो नाजूक पंख धुतला. मग दुसरा. मग फ्रॉकच्या कडेने अलगद टिपून काढले. ऊन पडताच पंख असे लखलखले की जास्वंदीच्या कळ्या वेळेआधीच उमलल्या.

"माझं नाव कणिका," परी पंख झटकत म्हणाली. "मी उरल्यासुरल्याची परी. राजवाडे, उडते घोडे हे खातं दुसऱ्या पऱ्यांकडे. मला नवं काही घडवता येत नाही. कुणाकडे काही उरलं असेल तर ते मी इकडचं तिकडे करते, बस. तू एक इच्छा माग. एकच."

"मग आमची भट्टी जाऊ देऊ नकोस."

"भट्टी काय उरलेली आहे? मला नाही उचलायची ती. इच्छा जपून ठेव, लागेल. आणि मला सांग, या बादलीत काय आहे?"

"गाळ."

"काच आहे, वेडाबाई! दळलेली काच. भट्टीत घाल, पुन्हा एकजीव होईल. पण काचेचे हट्ट फार. ती कोरडी करून उडवायची नाही. श्वासातून छातीत शिरली की कायमची खुपते. तिच्यात परकी काच मिसळायची नाही. निवताना प्रत्येक काच आपापल्या मापाने आकसते. दोन कुळांच्या काचा एकत्र आल्या की एक इकडे ओढते, एक तिकडे, आणि तड्! आणि झाकण उघडायचं ते भट्टी तुझ्या गालाइतकी निवल्यावरच. आधी मुळीच नाही."

केतकी बादली छातीशी धरून घरात पळाली. "आई, हा गाळच भट्टीत घातला तर?"

आई हसली. मग हसता हसता थांबली. बादलीत हात घालून तिने चिमूटभर गाळ बोटांत चोळला. "सगळ्या काचा एकाच कारखान्याच्या होत्या माझ्या," ती स्वतःशीच पुटपुटली. "होईलही."

दोघी कामाला लागल्या. पडवीतल्या जुन्या बादल्यांच्या तळाशी राहिलेला गाळही गोळा केला. जास्वंदीमागचा चिखल मात्र राहू दिला, त्यात माती होती. गाळ धुतला, बसू दिला, वरचं पाणी ओतलं, पुन्हा धुतला. आईने त्यातून लोहचुंबक फिरवून यंत्राच्या लोखंडाचा कीस काढला. नाकातोंडावर मास्क बांधला, तरी भुकटी ओलीच ठेवली. मग दह्यासारखी ती दाट भुकटी गोल साच्यात चमच्याने थापली. फिकट, दुधी, निळसर झाक असलेली.

बाजार उद्यावर आला होता. आई हात धुवायला गेली. केतकी साच्याकडे बघत राहिली. किती फिकट दिसतोय! इनामदारबाईंना आवडेल का? नाही आवडला तर?

तिच्या डबीत एक हिरवी बांगडी होती, जत्रेत घेतलेली, वाढलेली. (आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते.) केतकीने तिचे तुकडे मधोमध पानासारखे मांडले आणि वर चमचाभर भुकटी पसरली. आतून हिरवं हिरवं चमकेल, आईला गंमत वाटेल!

आईने साचा भट्टीत ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. लाल दिवा लागला.

केतकी उड्या मारत बागेत गेली. बकुळीच्या पानावर कणिका पाय हलवत बसली होती.

"घातलं भट्टीत? एकाच कुळाची काच ना सगळी?"

केतकीच्या उड्या तिथेच थांबल्या. 

"बांगडीची काच... ती कुठल्या कुळाची असते ग?"

परीच्या पंखांतला केशरी रंग उतरला. "दुसऱ्या."

"तू बदल ना तिला! माझी इच्छा घे!"

"मी उरलेलं हलवते ग, बदलत नाही."

"आणि मी आईला सांगितलंच नाही तर?"

"मी परी आहे, पोलीस नाही," कणिका हळूच म्हणाली. "ते तुझं तू ठरव."

केतकी पायरीवर बसली. आत भट्टी घूं घूं करत होती. सांगितलं तर आई रागावेल. तेही सोसेल, पण सांगितलं तर गोल वेळेत व्हायचा नाही, आणि काका भट्टी नेतील. न सांगितलं तर कदाचित, कदाचित काही होणार नाही? तिने नखं चावली. उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटी तिचे पायच तिला आईपाशी घेऊन गेले.

"आई, मी बांगडी घातली आत."

आई तडक भट्टीकडे गेली. रागावली असती तर बरं, असं केतकीला झालं. आईने बटण बंद केलं. लाल दिवा विझला.

"अजून फार तापली नाही. भुकटी दाणेदारच असेल. निवली की तुकडे वेचायचे आणि सकाळी पहिल्यापासून सुरुवात. पण केतू, मग उद्या दुपारी होत नाही ग."

"मी सांगितलं नसतं तर झाला असता?"

"झाला असता. दिसलाही असता सुरेख. आणि मग एके दिवशी तडकला असता, वाचनालयाच्या दारात, खालून जाणाऱ्या पोरांच्या डोक्यावर." आईने तिला कुशीत ओढलं. "सांगितलंस ते बरं केलंस."

सकाळी आईने चिमट्याने हिरवा कण न् कण वेचला. केतकीने भिंग धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग भट्टी सुरू झाली. ती ऐन तापात असतानाच बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला.

"झाला का गोल?" बोंद्रेकाका ओटीवर येत म्हणाले.

"आत आहे, बोंद्रेभाऊ. उद्या संध्याकाळपर्यंत निवेल."

"उद्या? आज दुपार ठरली होती! उघडा झाकण, बघू तरी आहे का काही. का नुसती गरम पेटी दाखवून मला गुंडाळताय?"

"उघडलं तर फुटेल हो!" केतकी दोन्ही हात पसरून वाटेत उभी राहिली.

"बाजूला हो बाळ. मालनताई, शब्द म्हणजे शब्द. मीच उघडतो."

 केतकीने खिडकीकडे पाहिलं. चौकटीवर कणिका उभी होती.

"परीताई, माझी इच्छा! काकांना धीर दे. थोडासाच!"

"कुणाकडे उरलाय का पण?" कणिका कुजबुजली. "तुझ्याकडे कणभर नाही, आईचा कधीच संपला. माझा तर जन्मजातच कमी."

केतकीने भिरभिर इकडेतिकडे पाहिलं. काकांचा हात पुढे येत होता. तेवढ्यात तिला कुंडीच्या कडेला एक गोगलगाय दिसली. सकाळपासून ती त्या एका कुंडीलाच वळसा घालत होती.

"तिच्याकडे! तिच्याकडे खूप आहे!"

कणिका रुपेरी ठिणगीसारखी सुर्रकन गेली. गोगलगायीच्या शिंगांवरून तिने काहीतरी चंदेरी, लवलवतं उचललं आणि काकांच्या टोपीवर अलगद ठेवलं.

काकांचा हात हवेतच थांबला. "घाई काय आहे म्हणा," ते म्हणाले, आणि ओटीवर मांडी घालून बसले.

बसले ते बसलेच! टेम्पोवाल्याने भोंगा वाजवून वाजवून थकल्यावर एकट्यानेच घर गाठलं. काकांनी पेज खाल्ली, एकेक शीत चावून. "मालनताई, चहा असला तर घोटभर. नसला तरी चालेल. उद्या प्यायला तरी चालेल." तिथेच घोंगडी अंथरून ते झोपले, उठले, मुंग्यांची रांग बघत बसले. आणि धीर उरला नसलेली गोगलगाय? ती बागेतून अशी सुसाट सुटली, की कुंपणाजवळच्या सरड्याने घाबरून वाट सोडली.

केतकी मात्र भट्टीपासून हलली नाही. निवताना भट्टी मधूनच टिक् करायची. टिक्! फुटला का? नाही, पत्रा आकसला असेल. टिक्! आता नक्की. एखादा हिरवा कण राहिला असेल तर? मोहरीएवढा? ती डोळे मिटून घ्यायची आणि कान मात्र उघडे ठेवायची.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं. आई म्हणाली, "गाल लावून बघ."

केतकीने झाकणाला गाल लावला. झाकण गालाइतकंच होतं, ना ऊन, ना गार. इनामदारबाईही येऊन दाराशी उभ्या होत्या. आई पुढे झाली. तिचा हात जराही थरथरला नाही. तिने झाकण वर उचललं.

आत चंद्र होता. पूर्ण, गोल, दुधाळ, पोटात बारीक बारीक बुडबुड्यांच्या चांदण्या. एकही रेघ नाही, एकही तडा नाही.

आईने तो अंगणात नेऊन कलत्या सूर्यासमोर धरला. सोनेरी ऊन आत शिरलं आणि मऊ, मोतिया उजेड होऊन बाहेर सांडलं. भिंतीवर, जास्वंदीवर, काकांच्या मिशीवरही.

"बाई ग! पुस्तक वाचायला असाच उजेड हवा," इनामदारबाई म्हणाल्या. "उद्यापासून खिडक्यांची मापं घे, मालन."

बोंद्रेकाकांनी गोलावरून सावकाश बोट फिरवलं. "भट्टी तुमच्याकडेच शोभते. रिकामी असेल त्या दिवशी माझे हत्ती-घोडे भाजून द्याल का? सावकाश द्या."

केतकीने वळून पाहिलं. कणिका त्या उजेडाच्या मधोमध तरंगत होती.

"निघालीस, परीताई?"

"उरलेलं संपलं की मी थांबत नाही." तिने केतकीच्या नाकावर इवलंसं बोट टेकवलं. केशरी पंख विरघळला, मग जांभळा. मोती उधळावेत तसा उजेड क्षणभर लखलखला, आणि तिथे नुसती संध्याकाळ उरली. त्या रात्री पहिल्यांदा केतकीच्या पोटात गोळा नव्हता. आई शेजारी झोपली होती, आणि उद्याही झोपणार होती.

आता कबूल करतो, यातला थोडा भाग मी रचलाय. परी? छे, ती खरी. गोगलगायही खरी, तिची धावही खरी. आईचा हात जराही थरथरला नाही म्हणालो ना, ते तेवढं माझ्या पदरचं. थरथरला. इतका थरथरला की झाकण उचलेना. मग केतकीने आपला हात त्या हातावर ठेवला. तोही थरथरतच होता. दोन थरथरत्या हातांनीच उघडलं ते झाकण.